झाडू सर्वांच्या हाती : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन



विदर्भातील शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे राज्यातील इतर शाळांपेक्षा काहीशा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरचे पहिले काही दिवस यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक प्राथमिक शाळांत कामांच्या वाटणीचे असतात. फळा कोणी पुसावा, पिण्याचे पाणी कोणी भरून ठेवावे, परिपाठाला दिनविशेष कोणी वाचावा, दुपारच्या पोषण आहाराच्या वेळी ताटे कोणी मांडावीत आणि अंगणातील रोपट्यांना पाणी कोणी घालावे, हे त्या दिवसांत ठरते. काही शाळांत मुलांचे मंत्रिमंडळही निवडले जाते आणि त्यात स्वच्छतामंत्र्यापासून सहलमंत्र्यापर्यंत सर्व पदे असतात. ही प्रथा चांगली आहे व तिचे आम्ही स्वागत करतो.

परंतु या वाटणीकडे थोडे निरखून पाहिले तर मन अस्वस्थ होते. मंत्रिपदे बहुधा नीटनेटक्या, बोलक्या मुलांकडे जातात. शिक्षकांच्या खोलीतून हजेरीपत्रक आणणारा मुलगा वर्षभर तोच असतो. झाडू मात्र मुलींच्या हाती जातो. आणि कोलामांच्या पोडावरून किंवा तांड्यावरून आलेली, शेवटच्या रांगेत बसणारी मुले कचरा उचलणाऱ्यांत दिसतात. कोणी हे दुष्टपणे करतो असे नव्हे. घरात व गावात जे चालत आले आहे तेच नकळत वर्गात उतरते. मग एखादे पालक शाळेत येऊन विचारतात, आमच्या लेकराला इथे शिकायला पाठवले की झाडायला? शाळा व वसतिगृहे चालवणाऱ्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना हा प्रश्न नवा नाही. तो रागाने विचारलेला असला तरी पुष्कळदा रास्तही असतो.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या सबंध आयुष्याने दिले, अशा एका थोर महाराष्ट्रीयाची ओळख या अंकात करून देण्याचे आम्ही योजिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव आपणांस अपरिचित नाही. पाठ्यपुस्तकात त्यांचे चित्र असते : दाढी, खादीचे कपडे, प्रेमळ चेहरा. पण ते शिक्षणमहर्षी होते एवढे सांगून आपण थांबतो. त्यांच्या वसतिगृहात रोज सकाळी काय घडत होते ते फारसे सांगत नाही. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण त्या रोजच्या कामात आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाची शाळाही बदलत असे. मुलगा अभ्यासात सामान्य होता. शरीराने दणकट, स्वभावाने हट्टी, कुस्तीचा आणि पोहण्याचा शौकीन. अस्पृश्य मानलेल्या माणसांना विहिरीवर पाणी काढू देत नाहीत, ती माणसे उन्हात दुसऱ्याच्या दयेची वाट पाहत तिष्ठत उभी आहेत, हे पाहून लहानग्या भाऊने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. पाणी कोणी शेंदावे आणि कोणी मागावे, ही वाटणी त्या वयातही त्यांना मान्य नव्हती.

पुढे ते शिक्षणासाठी कोल्हापुरात आले. येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण भाऊरावांच्या कार्याचे बीज या शहरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खेड्यांतील मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून वसतिगृहांची चळवळ सुरू केली होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांसाठी निरनिराळी वसतिगृहे निघाली. त्या काळी एवढे होणे हीच क्रांती होती. मात्र प्रत्येक वसतिगृहात एकाच समाजाची मुले असल्यामुळे एक प्रश्न कधी उपस्थितच होत नसे : स्वयंपाक कोणी करायचा आणि कोणाच्या हातचे कोणी खायचे?

भाऊराव जैन वसतिगृहात राहत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटन समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे असा वसतिगृहाचा आग्रह होता. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्या वेळी वसतिगृहाचा कारभार अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. शिस्तीचा भंग म्हणून काढून टाकलेला हा विद्यार्थी पुढे शाहू महाराजांच्या छत्राखाली राहिला, तरी त्याचे औपचारिक शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले. ऐतवडे गावी शाळेच्या बाहेर बसवलेल्या एका अस्पृश्य मुलाला त्यांनी कोल्हापूरला आणून मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले, तेही याच सुमाराचे. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप.

लठ्ठे यांच्याशी त्यांचा संबंध येथेच संपला नाही. काही वर्षांनी, १९१४ मध्ये, कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांना कोठडीत डांबण्यात आले व त्यांचा अनन्वित छळ झाला. असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण ज्यांनी आपल्याला वसतिगृहाबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध खोटे बोलण्यास ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. शत्रूविषयी आपण प्रवचनांत पुष्कळ बोलतो. हा प्रसंग त्या प्रवचनांच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. भाऊराव ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना ओढूनताणून आपल्या रांगेत बसवण्याचा आमचा हेतूही नाही. महात्मा फुले यांचा सत्यशोधक विचार ही त्यांची प्रेरणा होती. ज्याचे ऋण ज्याला, त्याला ते प्रामाणिकपणे द्यावे.

उपजीविकेसाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले, नंतर कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत सहभागी झाले. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याचे घर आतून दिसते. कुणब्याचे पोर गुरांमागे, मांग-महाराचे पोर गावकामात, आणि अक्षरओळख कोणालाच नाही, हे त्यांनी खेड्याखेड्यांत पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या काले या गावी, सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने, त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्या वेळी ती आजच्यासारखी शेकडो शाळांची संस्था नव्हती. तिच्याजवळ होते एक लहानसे वसतिगृह आणि काही खेड्यातली पोरे.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलले आणि तेथे ते वसतिगृह सुरू झाले ज्याविषयी आम्हाला मुख्यतः लिहावयाचे आहे. कोल्हापुरात जातवार वसतिगृहे भाऊरावांनी पाहिली होती. त्यांतील एकातून ते बाहेरही पडले होते. साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या व धर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. एक वसतिगृह म्हणजे एक स्वयंपाकघर. आणि एक स्वयंपाकघर म्हटले की कोल्हापुरात कधी न विचारला गेलेला तो प्रश्न दारातच उभा राहिला.

या प्रश्नातून सुटण्याचा सोपा मार्ग होता. कोणालाही न खटकणाऱ्या जातीचा आचारी ठेवायचा, भांडी घासायला आणि झाडलोटीला नोकर ठेवायचे, आणि मुलांना एका पंगतीत बसवून समतेचे समाधान मिळवायचे. अनेक सज्जन सुधारकांनी तेवढेच केले. भाऊरावांजवळ आचाऱ्याला द्यायला पैसे नव्हते ही गोष्ट खरी. पण केवळ पैशाच्या अभावामुळे त्यांनी मुलांना कामाला लावले असे म्हणणे आम्हाला पटत नाही. पुढे संस्थेची स्थिती सुधारल्यावरही त्यांनी ही रीत सोडली नाही, उलट ती महाविद्यालयापर्यंत नेली. स्वावलंबनाने मिळवलेले शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच ठरले.

वसतिगृहातील मुले स्वतःचा स्वयंपाक आळीपाळीने करीत. झाडलोट, पाणी, सरपण, भांडी, बागेतील आणि शेतातील काम, सारे मुलांच्या अंगावर असे. मराठ्याच्या मुलाने परसातील केर काढायचा, महाराच्या मुलाने भाकरी भाजायची, आणि त्या भाकरीला जैन, ब्राह्मण, मुसलमान सर्वांनी बसायचे. दुसऱ्या दिवशी हात बदलायचे. या हात बदलण्यातच सारे मर्म आहे, असे आम्हाला वाटते. आपल्या समाजात काम कधी नव्हते असे नाही. काम पुष्कळ होते, पण ते जन्माने चिकटलेले होते. झाडणारा कायम झाडणारा, पाणी शेंदणारा कायम पाणी शेंदणारा. भाऊरावांनी काम आणि जन्म यांना जोडणारा खिळा उपटून काढला, आणि तोही भाषणाने नव्हे. आज कोणाची वेळ आहे एवढेच विचारून.

शंभर माणसांनी एकदा एकत्र जेवणे हा समारंभ असतो. तो संपला की लोक घरी जातात आणि पुन्हा जुनेच चालू राहते. वसतिगृहातील मुलाला असे घरी जाता येत नव्हते. त्याला काल ज्याने भाकरी वाढली त्याच्या शेजारी आज अभ्यासाला बसायचे होते, आणि उद्या त्याचे ताट स्वतः घासायचे होते. अशी काही वर्षे गेली की शिवाशिव पाळणे हे पाप आहे हे त्याला पटवून द्यावे लागत नसे. ते त्याला हास्यास्पद वाटू लागे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याचे स्मरण आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी करतो. त्या विधीत धर्मगुरू वर्षातून एकदा वाकतो. भाऊरावांच्या वसतिगृहात वाकण्याची वेळ प्रत्येकावर, ठरल्या क्रमाने, येत असे.

या स्वयंपाकघरामागे एक स्त्री उभी होती, तिच्याविषयी चार ओळी अधिक लिहिणे आवश्यक आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरात वाढलेल्या होत्या. सोवळेओवळे त्यांच्या हाडीमांसी मुरलेले होते. पतीने घरात आणलेली नाना जातींची मुले स्वीकारणे त्यांना सुरुवातीस सोपे गेले नाही, आणि तसे ते गेले असते तर त्यांच्या त्यागाला आज एवढी किंमत राहिली नसती. पण एकदा स्वीकारल्यावर त्यांनी त्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. आजाऱ्याची शुश्रूषा केली, रडणाऱ्याला जवळ घेतले. मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव गावी नसताना वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडून धान्य आणले. हिंदू किंवा जैन घरातील स्त्रीने पती हयात असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचक भगिनींना सांगावयास नको. गावोगावच्या गृहिणींनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढावे, अशी मुष्टिफंडाची योजनाही संस्थेने चालवली. लक्ष्मीबाई १९३० मध्ये निवर्तल्या. संस्थेचा विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. ज्या राजाने जातवार वसतिगृहे काढून खेड्यांतील मुलांसाठी दार उघडले, त्याचे नाव सर्व जातींच्या एकत्र वसतिगृहाला मिळावे, हे उचितच झाले. १९३२ च्या पुणे करारानंतर स्पृश्य-अस्पृश्य ऐक्याची खूण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले.

याच विचाराचे दुसरे एक केंद्र आपल्या अगदी शेजारी होते. यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांमधून वर्धा नदी वाहते. तिच्या पलीकडे वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि सेवाग्रामला नई तालीमची शाळा उभी राहिली. तिची धुरा आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी वाहिली. आर्यनायकम् हे मूळचे सिलोनचे, ख्रिस्ती कुटुंबातले. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, सूतकताई, बागकाम हे अभ्यासाच्या तासाइतकेच महत्त्वाचे मानले जाई. दूर रोमला, १९०७ मध्ये, मारिया मॉन्टेसोरी या कॅथलिक विदुषीने गरीब वस्तीतील बालकांसाठी पहिले बालगृह उघडले होते. तेथील चिमुकली मुले जेवणाची मेजे मांडीत, वाढीत, आवरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉन्टेसोरीबाई कित्येक वर्षे भारतात होत्या, आणि त्यांचा विचार तत्पूर्वीच ताराबाई मोडकांसारख्यांनी आपल्याकडे रुजवला होता.

या तिन्ही प्रवाहांत साम्य आहे, तरी एक भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मॉन्टेसोरीबाईंना मूल स्वतंत्र व्हावे असे वाटे : आपले काम आपल्याला करता आले पाहिजे. गांधीजींना श्रम आणि ज्ञान यांचे लग्न लावायचे होते. भाऊरावांची नजर मुख्यतः एका मुलाच्या दुसऱ्या मुलाशी असलेल्या नात्यावर होती. माझे ताट मी घासले की मी स्वावलंबी झालो. पण तुझे ताट मी घासले, आणि उद्या तू माझे घासणार आहेस, म्हणजे आपण दोघे बरोबरीचे झालो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे एकाच वर्गात कुणबी, बंजारा, गोंड, कोलाम, बौद्ध, मुसलमान आणि ख्रिस्ती मुले शेजारी बसतात, तेथे हा तिसरा अर्थ अधिक उपयोगी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. मुलाने काम करणे आणि मुलाकडून काम करून घेणे यांत अंतर आहे. शिक्षकांची मोटारसायकल पुसणे, त्यांच्यासाठी दुकानातून जिन्नस आणणे, शिक्षा म्हणून एखाद्याला मैदान झाडायला लावणे, नोकर ठेवण्याचा खर्च वाचावा म्हणून संडासाची सफाई विशिष्ट मुलांवर ढकलणे, हे भाऊरावांचे शिक्षण नव्हे. झाडू एकदा शिक्षा म्हणून दिला की तो कायमचा हलका होतो. मग कितीही सुविचार फळ्यावर लिहा. उलट वर्गात तीस मुले असतील तर तीस कामे शोधावीत. शोधली तर सापडतात : खिडक्या उघडणे, चपलांची रांग लावणे, ग्रंथपेटीतील पुस्तकांची नोंद ठेवणे, गैरहजर मुलाच्या घरी निरोप देणे, तारीख लिहिणे, हात धुण्याच्या जागी साबण ठेवणे. नावे फळ्याशेजारी लावावीत आणि दर आठवड्याला एक घर पुढे सरकवावीत. मुलगा झाडतो आहे आणि मुलगी हजेरी मांडते आहे, हे दृश्य गावाने खिडकीतून पाहावे. गुरुजींचे नावही त्या यादीत असावे, ही आमची सूचना काहींना रुचणार नाही. पण भाऊराव मुलांबरोबर कुदळ घेत, तेव्हा गुरुजींनी डस्टर झटकायला हरकत नसावी.

भाऊरावांनाही हे उमगले होते की वसतिगृह कितीही चांगले असले तरी त्यात मावणारी मुले मोजकीच. खेड्यातल्या पहिलीच्या मुलापर्यंत पोहोचायचे तर शिक्षक घडवले पाहिजेत. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले; ते पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. जेथे शाळाच नव्हती अशा शेकडो वाड्यावस्त्यांवर त्यांनी स्वयंसेवी प्राथमिक शाळा उघडल्या. देवळाच्या ओवरीत, चावडीत, झाडाखाली त्या भरत. एकच शिक्षक, चार इयत्ता, साधने जवळजवळ नाहीत. अशा शाळेत मुलांनी हात लावल्याशिवाय काहीच हलत नाही, हे आपल्या जिल्ह्यातील एकशिक्षकी शाळांवर ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे. मोठ्याने लहानाला पाढे शिकवायचे, कोणी पाणी आणायचे, कोणी चटया घालायच्या. आपण तिला अडचण म्हणतो. ज्या शिक्षकाने स्वतः वसतिगृहात भाकरी भाजली आहे, त्याला ती अडचण वाटली नसावी.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने माध्यमिक विद्यालय निघाले. तेथे गरीब मुलांनी श्रम करून शिकावे अशी व्यवस्था होती. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण याच काळात मुंबई सरकारशी त्यांचा खटका उडाला आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. भाऊरावांची जीभ तिखट होती, सत्ताधाऱ्यांची भीड त्यांनी कधी ठेवली नाही, आणि त्याची किंमत हजारो मुलांच्या शाळांना मोजावी लागणार होती. या वेळी आपल्या अमरावती जिल्ह्यातील शेणगावचे सुपुत्र, हातात झाडू घेऊन महाराष्ट्र झाडणारे संत गाडगेबाबा, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेची रदबदली करण्यास गेल्याचे सांगतात. अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याचे नाव महाविद्यालयाला, यात त्यांना विसंगती वाटली नाही.

तत्पूर्वी, १९४७ मध्ये, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले होते. शेतात राबून, खडी फोडून, रस्ते बांधून मुलांनी आपल्या शिक्षणाचा खर्च भागवायचा, ही कमवा आणि शिका योजना तेथे महाविद्यालयीन पातळीवर राबवली गेली. महाविद्यालयात जाणारा मुलगा म्हणजे हाताला माती न लागणारा मुलगा, ही समजूत त्या काळी पक्की होती. आजही ती फारशी सैल झाली आहे असे वाटत नाही. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले खेड्यातले पी. जी. पाटील पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, रयतमध्येच शिकवायला परतले आणि नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यासारखी कितीतरी माणसे त्या एका स्वयंपाकघरातून बाहेर पडली.

भाऊरावांच्या स्वभावाचे दोष त्यांच्या चरित्रकारांनीही झाकलेले नाहीत. ते रागीट होते, एककल्ली होते, पैशांच्या हिशेबापेक्षा कामाचा वेग त्यांना प्रिय होता. संस्था सतत कर्जात असे. कामाची शिस्त त्यांनी मुलांना लावली, ती कधी कधी कठोरही असे. आजच्या शाळेला ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही आणि कायदाही ते करू देणार नाही. पण त्या शिस्तीतून त्यांनी स्वतःला कधी वगळले नाही, म्हणून मुलांनी ती प्रेमाने पत्करली. महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हटले, अण्णा म्हटले.

१९५९ साल उजाडले तेव्हा त्यांची प्रकृती खालावली होती. त्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. ५ एप्रिल रोजी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. ही पदवी अर्पण केली. इंग्रजी सहावीच्या आसपास शाळा सुटलेल्या माणसाला ही पदवी मिळाली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच पुणे विद्यापीठात कमवा व शिका योजना पुढे भाऊरावांच्या नावाने सुरू झाली, आणि खेड्यांतून आलेली मुले-मुली दिवसाचे काही तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करून तेथे आपले शिक्षण पूर्ण करू लागली.

– संपादक